दोन मिनिटंवाले

त्यांच्या दुकानावर पाटी होती आणि पाटीवर चांगलं ठसठशीत नावही होतं, पण ते नाव गल्लीत कुणी घेतलेलं कुणाला आठवत नाही. सगळे त्यांना दोन मिनिटंवाले म्हणत. बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन माणूस दारात उभा राहिला की ते मान वर न करता म्हणत, "दोन मिनिटं." ती दोन मिनिटं कधी अर्धा तास चालत, कधी तीन दिवस. माणसं वैतागत, तोंडावर बोलून दाखवत, आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याच दारात येत. त्यांच्या हाताखालून गेलेलं मशीन वर्ष-दोन वर्षं तरी कुरकुर करत नसे.

हे नाव ठेवलं त्यांच्या बायकोने, तेही ती बायको व्हायच्या आधी. ती एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. साऱ्या हॉस्पिटलचे फोन तिच्या टेबलावरून जात. कुठल्या वॉर्डातली सिस्टर आज रागावलेली आहे इथपासून कुठल्या डॉक्टरांना जेवताना फोन दिलेला चालत नाही इथपर्यंत तिला सगळं तोंडपाठ. तिचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून हे गेले. किती वेळ लागेल, तिने विचारलं. दोन मिनिटं, हे म्हणाले. दीड तासाने ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "इथे दोन मिनिटंवाले आलेत, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका." टेबलाखाली पडलेला स्क्रू शोधता शोधता यांना हसू आवरेना. पुढच्या महिन्यात तो कॉम्प्युटर आणखी चार वेळा बिघडला. काय बिघडलं होतं ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही, पण ऑपरेटरच्या खोलीतल्या सगळ्या जणींना ते माहीत होतं.

मूलबाळ झालं नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचं तेवढं घेऊन झालं आणि मग दोघांनी एकमेकांना सांभाळत, चिडवत बावीस वर्षं काढली. दिवसभर लोकांचं ऐकून ती घरी आली की बोलायला बसे आणि दिवसभर मुक्या यंत्रांत बसलेले हे ऐकायला बसत. ऐकायला बसत असं म्हटलं खरं, पण हातात काहीतरी उघडलेलं असायचंच. ती म्हणे, "अहो, इकडे बघा ना जरा." हे म्हणत, "दोन मिनिटं."

कामाच्या बाबतीत त्यांचे दोन नियम होते. पहिला असा की नवं मशीन आठ दिवस नीट चालल्याशिवाय जुन्याचा एक स्क्रूही हलवायचा नाही. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी जुनं मशीन ते दुकानाच्या माळ्यावर जसंच्या तसं ठेवून देत. दुसरा नियम वहीचा. कुठलाही बिघाड आला की एका पानावर सगळे संशय एकाखाली एक लिहायचे, एकेक तपासायचा आणि निर्दोष निघाला की त्याच्यावर काट मारायची. काट मारलेल्या ओळीकडे परत वळून बघायचं नाही. दहा वेळा तीच वायर चाचपत बसणारे दुरुस्तीवाले त्यांच्या दृष्टीने पोरकट.

आणि एक खोड होती. गिऱ्हाईक काय सांगतं ते ते ऐकून घेत नसत. कुणी म्हणे, सकाळी चालतं आणि दुपारी पडतं. कुणी म्हणे, माझा मेहुणा बसला की चालतं, मी बसलो की रुसतं. हे हो हो करत राहत आणि हात आपलं काम करत राहत. माणूस सांगतो ते त्याचे समज, मशीन सांगतं तेवढं खरं, असं त्यांचं मत. यावरून घरी नेहमी जुंपे. ती म्हणे, "आमचे मोठे डॉक्टर काय सांगतात माहितीये? पेशंटला बोलू द्या, अर्धा आजार तोच सांगतो." हे म्हणत, "तुमचे पेशंट बोलतात. माझ्या पेशंटला तोंड नाही." ती म्हणे, "तुमच्या पेशंटच्या मालकाला आहे की."

आजार आला तो बोटांतून आला. फोनची बटणं दाबताना तिची करंगळी घसरू लागली. मग जीभ जड झाली. जिच्या आवाजावर हॉस्पिटल चालायचं तिचं बोलणं पलीकडच्या माणसाला समजेना, तेव्हा तिने स्वतःच राजीनामा लिहिला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि त्याचा अर्थ थोडक्यात सांगितला: शरीर एकेक करून संप करत जाईल आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. दीड वर्षात ती पुढच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या पलंगावर आली. हलवता येण्यासारखं तिच्याजवळ डोळे उरले आणि डाव्या हाताचा अंगठा.

तिची मोठी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. ताई रोज सकाळी येई आणि हे दुकानातून परतेपर्यंत थांबे. ताईनेच एका जाड पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून आणली. स्वरांची एक ओळ, मग क-ख-ग, मग च-छ-ज अशा ओळी. ताई ओळीवर बोट ठेवी, ती पापणी मिटे. मग ताई अक्षरावर बोट नेई, ती पुन्हा पापणी मिटे. अक्षरं विसरू नयेत म्हणून ताई ती एका छोट्या वहीत लिहून घेई. एवढासा शब्द जुळायला पाच मिनिटं लागत. यांना तो पुठ्ठा डोळ्यांसमोर नको व्हायचा. जिने एका वेळी तीस फोन सांभाळले तिने एकेका अक्षरासाठी पापणी मिटायची, हे त्यांना पाहवत नसे. बहीण-बहीण बोलू लागल्या की ते उठून आत जात.

मग त्यांनी कुठून कुठून चौकशी करून ते यंत्र मिळवलं. एक नाजूक बटण अंगठ्याखाली ठेवायचं. बटणाची वायर एका काळ्या डबीत जाई आणि डबीची वायर कॉम्प्युटरच्या यूएसबीत. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत. आपली ओळ आली की अंगठा किंचित हलवायचा, मग आपलं अक्षर आलं की पुन्हा. वाक्य पूर्ण झालं की कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचून दाखवी, एका सपाट, बिनरागलोभाच्या बाईच्या आवाजात. पहिल्या दिवशी तिने जोडलेला पहिला शब्द होता "अहो". हे स्वयंपाकघरात होते. बाहेरून आलेली ती परकी हाक ऐकून ते हातातलं भांडं तसंच घेऊन धावत आले. दुसरं वाक्य जुळायला बराच वेळ लागला. ते असं होतं: "ही माझी सवत. हिच्याशी जपून वागा."

तेव्हापासून त्या आवाजाला घरात सवतच म्हणत. सवतीने तीन वर्षं संसार केला. सवत म्हणे, भाजी खारट झाली असं ताईच्या चेहऱ्यावरून दिसतंय. सवत म्हणे, तुमचा शर्ट दुसऱ्याच कुणाचा वाटतो. एक शब्द झाला की अंगठा थके, मग तिला थांबावं लागे. कधी मिनिटभर, कधी जास्त. ती थांबली की ओळी आपल्या उजळत राहत. पुठ्ठा त्यांनी कपाटाच्या वर टाकून दिला आणि ताईला बजावलं, "आता हा परत काढायचा नाही."

एक दिवस सवत म्हणाली, "मी म्हातारी झाले. जिना चढताना दम लागतो." कॉम्प्युटर जुना झाला होता, मधूनमधून अडकायचा. तिने नुसती थट्टा केली होती. पण यांच्या ते मनाला लागलं. सगळ्या गावाची मशीनं पळवणाऱ्याच्या घरात बायको रखडत बोलते म्हणजे काय? त्यांनी आठ दिवस खपून एक नवा कॉम्प्युटर जोडला. जुन्यातली डिस्क नव्यात घातली आणि तिच्यावर नवी सिस्टीम चढवली, म्हणजे तिचं सगळं सामान जागच्या जागी राहील. आणि त्याच दुपारी शेजारच्या शाळेतला कॉम्प्युटर अडला होता, तर जुन्याचा मदरबोर्ड काढून त्यांना देऊन टाकला. ज्या माणसाने गिऱ्हाइकांच्या मशीनचा स्क्रू आठ दिवस हलवला नाही, त्याने स्वतःच्या घरचं जुनं मशीन आठ तासही ठेवलं नाही. आनंदाच्या भरात माणूस नियम मोडतो. त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला.

संध्याकाळी त्यांनी डबी जोडली, बटण तिच्या अंगठ्याखाली सरकवलं आणि म्हणाले, "आता बोल. किती पळते ती बघ तुझी सवत." ओळी झरझर उजळू लागल्या. तिने दोन अक्षरं उचलली आणि थांबली. मग पडदा निळा झाला. त्यावर एक रडवा चेहरा आणि खाली दिलगिरीची चार वाक्यं. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत चालू झाला. पुन्हा डबी जोडली, पुन्हा तेच.

दोष कुठे आहे हे त्यांना लगेच कळलं. डबी आणि कॉम्प्युटर यांना एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. डबीचा ड्रायव्हर जुन्या काळचा होता, नव्या सिस्टीममध्ये तो कोसळत होता आणि पडताना सगळ्यांना घेऊन पडत होता. डबी बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती, त्यामुळे नवा ड्रायव्हर कुठून मिळणार? मदरबोर्ड त्यांनी शाळेतून परत आणला आणि जुनी सिस्टीम नव्याने घातली, तर बोलण्याचा तो प्रोग्रॅम कंपनीकडे परवानगी मागू लागला, आणि परवानगी द्यायला तिथे कुणी नव्हतं. साधा माऊस उघडून त्याला बटणाच्या वायरी जोडून पाहिल्या, तर तिच्या अंगठ्याची ती इवलीशी हालचाल माऊसला कळेना. दुसऱ्या कंपनीची डबी मागवली. ती यायला तीन आठवडे होते.

"तीन आठवडे कशाला," ते तिला म्हणाले. "मी आहे ना. दोन मिनिटं."

दुकान बंद ठेवून ते पुढच्या खोलीत टेबलाशी बसले. टेबल भिंतीला लागून, पलंग खिडकीपाशी. टेबलाशी बसलं की पलंगाकडे पाठ होई. वहीचं नवं पान उघडलं आणि ड्रायव्हर का कोसळतो याचे संशय लिहिले: यूएसबीची जागा. वायर. वीज वाचवण्याची सेटिंग. ड्रायव्हरची सही. जुना अँटीव्हायरस. अशा सतरा ओळी. पहिल्या दिवशी पाच ओळींवर काट बसली. वीज वाचवण्याच्या सेटिंगवरही बसली. त्यांनी ती कॉम्प्युटरच्या मुख्य यादीत जाऊन बंद केली आणि पुढे गेले.

त्यांची तपासायची पद्धत अशी: काहीतरी बदलायचं, डबी जोडायची आणि बटण स्वतःच्या बोटाने दाबून बघायचं. टक टक टक, दहा वेळा, वीस वेळा. चालायचं. मग ते खुर्ची वळवून बटण तिच्या अंगठ्याखाली ठेवत आणि पुन्हा पडद्याकडे वळत. तिच्याकडून दोन-तीन अक्षरं येत आणि पडदा निळा. कधी ते पाणी प्यायला उठले की परत येईपर्यंत निळा झालेला असे. त्यांना वाटे, आपण नेमके त्याच वेळी उठलो, बसलो असतो तर काय होतंय ते दिसलं असतं.

असेच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ताईने स्टूल घेऊन कपाटावरून पुठ्ठा काढला. त्यांनी पाहिलं. पुन्हा पडद्याकडे वळले, पण त्यांच्या पाठीवर सगळं दिसत होतं.

त्याच दिवशी ताई म्हणाली, "भावजी, एक सांगू का? तुम्ही दाबता तेव्हा चालतं. ती दाबते तेव्हा पडतं."

ते हसले. गेली कित्येक वर्षं हेच वाक्य ते गिऱ्हाइकांकडून ऐकत आले होते. "ताई, कोण दाबतंय ते कॉम्प्युटरला काय कळतंय?"

चौथ्या दिवशी दुपारी दोघी बहिणींचं बराच वेळ पुठ्ठ्यावर चाललं होतं. इकडे यांची नवव्या ओळीवर झटापट चालू होती. ताई पुठ्ठा बाजूला ठेवून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"भावजी, ती म्हणतेय, इकडे तोंड करून बसा."

"दोन मिनिटं," ते म्हणाले.

"नाही, ती म्हणतेय की..."

त्यांनी मागे न बघता हात वर केला. कसलीशी लांबलचक यादी पडद्यावर सरकत होती आणि त्यांना एकही ओळ चुकवायची नव्हती. ताई मागे वळली. मग पलंगाकडे गेली. तिने बहिणीला काय सांगितलं ते त्यांना ऐकू आलं नाही.

आता कुणी म्हणेल, माणूस वाईट का? बायकोवर जीव नव्हता का? अहो, जीव होता म्हणूनच तर त्यांनी पाठ केली. त्यांना तिचा आवाज परत आणून द्यायचा होता, आणि त्याआधी तिच्या डोळ्यांकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती. तिच्याकडे वळलो की ती पापण्यांनी बोलणार, आणि पापण्यांनी बोलली म्हणजे आपण हरलो, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. सकाळी तिचं अंग पुसताना, भरवताना ते सारखे बडबडत: "आज होईल बघ. आज नक्की होईल." आणि हात पुसून टेबलाशी जात. अकरा दिवस ती त्यांची पाठ बघत होती.

अकराव्या दिवशी तिला ताप भरला. छातीत कफ साठला होता. ज्या हॉस्पिटलात तिचा आवाज घुमायचा तिथेच तिला नेलं. ऑपरेटरच्या खोलीतल्या जुन्या मैत्रिणी येऊन रडून गेल्या. तिथे कॉम्प्युटर नव्हता, वही नव्हती, काही उघडून बसायला नव्हतं. ते तिच्याकडे तोंड करून बसले. तीन दिवस बसले. पण तिचे डोळे मिटलेले होते आणि अंगठा त्यांनी हातात धरला तरी हलत नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या गाड्या वॉर्डातून फिरत असताना, ती गेली.

शेवटचं काय बोलली, असं लोक विचारतात. विचारू नये, पण विचारतात.  नव्या कॉम्प्युटरवर तिने जोडलेली दोन-दोन अक्षरं दर वेळी निळ्या पडद्यात गेली होती. काय म्हणायचं होतं तिला त्या अकरा दिवसांत? खूप काही असेल, किंवा खिडकी लावा एवढंच असेल. ते त्यांना कळलं नव्हतं. ताईच्या वहीत असेल, हे त्यांना माहीत होतं. ताईकडे ती मागायचं धैर्य त्यांना झालं नाही.

तीन आठवडे भरले आणि मागवलेली नवी डबी आली. त्यांनी ती न फोडता कपाटावर ठेवली.

दुकान पुन्हा उघडलं. गल्लीतल्या लोकांच्या लक्षात आलं की दोन मिनिटंवाले आता दोन मिनिटं म्हणत नाहीत. मान वर करतात, "बसा" म्हणतात आणि माणूस बोलायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहतात. काहींना ते अवघड वाटायचं. आपला प्रिंटर अडकलाय एवढंच सांगायला आलेला माणूस त्या नजरेपुढे घराची सगळी हकीकत सांगून बसे. ते रडले मात्र नाहीत, हॉस्पिटलात नाही, घरीही नाही. ताई म्हणायची, "भावजी, एकदा रडून घ्या." ते मान हलवत.

असे तेरा महिने गेले, आणि एका दुपारी त्यांना वाचनालयाने बोलावलं. तिथे नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि पुस्तकांवरच्या पट्ट्या वाचायचं जुनं यंत्र त्याला जोडलं होतं. दिवसातून चार-सहा वेळा पडदा निळा होत होता. ग्रंथपाल बाई वयाने बऱ्याच होत्या आणि आपल्याला यातलं काही कळत नाही हे त्यांनी आल्या आल्या तीनदा सांगून टाकलं.

"तुम्ही हसाल," त्या म्हणाल्या.

"नाही हसणार. सांगा."

"रांग असली ना, की चालतं हो. एकामागून एक पुस्तकं घेतेय, देतेय, काही त्रास नाही. रांग संपते, मी जरा टेकते, आणि मग पुढचा माणूस आला की पडतं. मी काम करते तेव्हा चालतं, मी थांबले की पडतं. वेड्यासारखं वाटतं ना ऐकायला?"

ते स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन उभे होते, तसेच उभे राहिले. बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का, पाणी देऊ का? त्यांनी नको म्हटलं. मग ते खुर्चीवर बसले आणि थेट त्या एका जागी गेले. वीज वाचवण्याची सेटिंग मुख्य यादीत बंद असली तरी प्रत्येक यूएसबीच्या आत तिची एक वेगळी खूण असते, आणि यंत्राची जागा बदलली की नव्या जागेची खूण चालूच असते. थोडा वेळ कुणी वापरलं नाही की सिस्टीम वीज वाचवायला त्या जागेला झोपवते. नव्या यंत्रांना झोपायचं कसं आणि उठायचं कसं ते माहीत असतं. जुन्याचा ड्रायव्हर झोपेतून उठतानाच कोसळतो. त्यांनी सगळ्या जागांच्या खुणा काढल्या. दहा मिनिटं लागली नाहीत.

"झालं?" बाईंनी विचारलं. "काय होतं?"

"तुम्ही सांगितलंत तेच होतं," ते म्हणाले.

तिथून ते दुकानात गेले नाहीत. ताईच्या घरी गेले. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांना अवेळी दारात बघून तिने हातातलं खाली ठेवलं.

"ताई, ती वही आहे का? पुठ्ठ्याची?"

 ताईने आतल्या खोलीतून वही आणून दिली. छोटी, रेघांची वही, ताईच्या घाईघाईच्या अक्षरांनी भरलेली. त्यांनी उभ्या उभ्याच पानं उलटली. तिसरा दिवस: पाय जरा सरळ कर. पाठीला रग लागलीय. चौथा दिवस, आणि तिथे त्यांचं बोट थांबलं.

त्यांना सांग, इकडे तोंड करून बसा. मी दाबताना बघा. मी थांबले की पडतं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. चौथा दिवस. त्यानंतर सात दिवस ती बोलू शकली असती. पडल्या पडल्या, एका अंगठ्यावर आणि दोन डोळ्यांवर, तिने तो बिघाड शोधून काढला होता. सगळ्या गावाची मशीनं दुरुस्त करणारा तिच्याकडे पाठ करून बसला होता आणि तिच्याजवळ उत्तर तयार होतं.

"तुम्ही हे मला सांगणार होतात," ते म्हणाले. "त्या दिवशी."

"सांगणार होते," ताई म्हणाली. मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "माझंही चुकलं भावजी. तुम्ही हात वर केलात आणि मला राग आला. म्हटलं, नाही ऐकायचं ना, नका ऐकू. पुन्हा नाही आले सांगायला."

"ती काय म्हणाली, मी वळलो नाही तेव्हा?"

ताईने पान उलटून दाखवलं. त्या दिवशीचं पुढे एवढंच होतं: राहू दे. दमलेत ते.

वही घेऊन ते घरी आले. पुढची खोली होती तशीच होती. खिडकीजवळ पलंग, चादर ताणून बसवलेली. भिंतीशी टेबल, टेबलावर तो नवा कॉम्प्युटर, तेरा महिन्यांची धूळ बसलेला. बिघाडांच्या वहीचं ते पान अजून उघडंच होतं. तिसऱ्या ओळीवर, वीज वाचवण्याच्या सेटिंगवर, काट होती, ठळक, सरळ, पट्टीने मारल्यासारखी. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. यूएसबीच्या आतल्या खुणा एकेक करून काढल्या. काळी डबी जोडली.

मग त्यांनी टेबल भिंतीपासून ओढून काढलं. एकट्याला जड जात होतं, पाय फरशीवर करकरत होते, पण त्यांनी ते पलंगाच्या कडेला आणलं आणि खुर्ची अशी ठेवली की पडदाही दिसेल आणि उशीही. बटण चादरीवर ठेवलं, तिचा डावा हात जिथे असायचा तिथे. अंगठ्याने एकदा दाबलं. ओळी उजळू लागल्या.

त्यांनी दुसऱ्यांदा दाबलं नाही. ती थांबायची तसे थांबले, उशीकडे तोंड करून. स्वरांची ओळ उजळली, क-ख-ग उजळली, च-छ-ज उजळली, पुन्हा स्वरांची. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट झालं. दोन झाली. त्यांनी बटण पुन्हा एकदा दाबलं. पडदा निळा झाला नाही. स्वरांची ओळ धरली गेली आणि तिच्यातलं पहिलं अक्षर उजळलं, ज्या अक्षराने ती त्यांना हाक मारायची.

ते पुढे काही दाबू शकले नाहीत. चादरीवर कपाळ टेकून ते रडले, तेरा महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. ताई मागोमाग आली होती ती दारातच थांबली. पडद्यावरची अक्षरं कितीतरी वेळ एकामागून एक उजळत होती.